काहीही चालेल!

मैत्रिणींनो, हॉटेलात वेटरने तुम्हांला विचारलं, "तुमच्यासाठी काय आणू?" तर तुम्ही काय म्हणता? अगदी खरं सांगा हं. मी तर लग्न झाल्यापासून एकच म्हणत आले, "काहीही चालेल." परवा मात्र या उत्तराने माझी चांगलीच पंचाईत केली.

त्याचं असं झालं. आमच्या कोथरूडमध्ये, अगदी आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नवं इटालियन हॉटेल निघालं आहे. पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती. गव्हाचा डबा ठेवून, नंबर लावून मी तिथे कितीदा ताटकळले असेन! ती जुनी इमारत पाडली, नवी उभी राहिली, आणि गिरणीच्या जागी आता काचेचं दार अन् आत विटांची भट्टी. आमच्या लग्नाचा 35 वा वाढदिवस तिथेच करायचा, असं सूनबाईने ठरवून टाकलं. हे म्हणाले, "घरची श्रीखंड-पुरी काय वाईट आहे?" वाईट काही नाही हो, पण ती करायची कुणी? (हे मी अर्थातच मनात म्हटलं.)

तर गेलो. प्रत्येकाच्या हातात एकेक मेनूकार्ड आलं. ह्यांनी त्यातल्या त्यात ओळखीचा म्हणून मार्गारिटा पिझ्झा सांगितला, मुलाने मशरूमचा रिझोटो, सूनबाईने पास्ता. मग वेटर माझ्याकडे वळला. मी सवयीने म्हटलं, "मला काहीही चालेल."

सूनबाई हसून म्हणाली, "आई, ‘काहीही’ नावाचा पदार्थच नाहीये यात. तुम्हांला काय आवडतं ते सांगा ना."

आणि तुम्हांला म्हणून सांगते, मला घामच फुटला. सासूबाई होत्या तोवर त्यांना आमटीत गूळ भरपूर लागायचा, ह्यांना बिलकूल नको, म्हणून कित्येक वर्षं मी आमटीची दोन पातेली केली. मुलाला सिमला मिरचीचा वाससुद्धा चालत नाही. सूनबाईला पोळी जरा खरपूस लागते. सगळं मला तोंडपाठ. पण माझं काय? वेटर वही-पेन्सिल घेऊन उभा, आणि मला माझी आवड काही केल्या आठवेना!

तेवढ्यात मेनूकार्डावर एक ओळ दिसली. नाव लांबलचक, मेलान्झाने आला पार्मिजाना. पण खाली वर्णन होतं : वांग्याचे तळलेले काप, टोमॅटोचा दाट रस, चीज, बेसिलची पानं, सगळं थरावर थर रचून भट्टीत भाजलेलं. वांगी!

माझं माहेर सांगलीचं. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव सांगायला नकोच. आई काप करायची, तिखटमीठ लावून, रव्यात घोळवून. तव्यावरून पानात यायच्या आधीच आम्ही भावंडं ते पळवत असू. लग्न होऊन 1990 मध्ये मी पुण्याला आले. पहिल्याच आठवड्यात मोठ्या हौसेने भरली वांगी केली. ह्यांनी एक घास घेतला आणि वाटी हळूच बाजूला सारली. बोलले काही नाहीत. ‘करू नकोस’ असंही कधी म्हणाले नाहीत, हे मला कबूल करायलाच हवं. पण एकटीसाठी कोण करतंय? तेव्हापासून आमच्या घरात वांगं आलं नाही.

"मला हे," मी बोट ठेवून म्हटलं.

"वांगं?" हे उडालेच. "इथे येऊन साडेपाचशे रुपयांचं वांगं?"

"हो," मी म्हटलं.

आता तुम्हीही कधी जाल, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवते. अस्सल पार्मेझान चीज करताना दूध साकळायला वासराच्या जठरातला रस वापरतात. म्हणजे पदार्थ भाजीचा असला तरी तो कडक शाकाहाऱ्यांना चालेलच असं नाही. विचारायला मुळीच लाजू नका. मी विचारलं, तर त्या भल्या मुलाने मुदपाकखान्यातून हिरव्या ठिपक्याचं पाकीटच आणून दाखवलं. पास्ता दाताखाली किंचित लागेल असाच ठेवतात. कच्चा राहिला म्हणून परत पाठवू नका. (मी सूनबाईचा पाठवायला निघाले होते!) आणि रिझोटो म्हणजे आपला आसट भातच, पण बाई, तो थांबला की घट्ट होतो. आल्या आल्या खायचा.

सूनबाईच्या पास्त्याचे तुकडे छोट्या कानांसारखे होते. ओरेक्किएत्ते म्हणजे कानुलेच. इटलीतल्या बारी शहरात बायका दारात बसून रव्याच्या पिठाच्या कणकेचे हे कान अंगठ्याने वळतात, ते तिने मोबाइलवर दाखवलं. मी बघतच राहिले. माझ्या रुखवतासाठी आई आणि मावशी दुपारी ओटीवर बसून गव्हले, बोटव्या, नखुल्या वळत होत्या, अगदी तश्शीच ती बोटं चालत होती. त्या बरण्या रुखवतात मांडल्या गेल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. त्यांची खीर मात्र मी कधी खाल्ल्याचं आठवत नाही. पाहुण्यांत संपली असणार.

माझी ताटली आली. वाफा निघत होत्या, चीज कडेला खरपूस झालं होतं. मी आपली हात आवरून बसले, सगळ्यांचं वाढून होऊ दे म्हणून. मुलगा म्हणाला, "आई, वाढायला इथे माणसं आहेत. तू खा." खाल्लं. आत वांगं लोण्यासारखं मऊ, टोमॅटो आंबटगोड. आईच्या कापांची चव नव्हती ती, पण वांगं होतं. आणि गरम होतं. मी शेवटपर्यंत मान वर केली नाही.

"तुला वांगं एवढं आवडतं?" हे म्हणाले. "कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

वास्तविक मला इतकं तोडून बोलायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. सूनबाईने पाण्याचा ग्लास उचलला, मुलगा पुन्हा मेनूकार्ड वाचायला लागला. ह्यांनी काटा पुढे केला, माझ्या ताटलीतला एक तुकडा उचलला, बराच वेळ चावला आणि वर अर्धा ग्लास पाणी प्यायले. मग म्हणाले, "चीज बरं आहे."

बिल मुलाने दिलं. किती झालं ते मला दाखवलं नाही.

गेल्या रविवारी हे मंडईतून आले. पिशवीत मेथी, लिंबं, कोथिंबीर, आणि तळाशी चार वांगी. भाजी पारखून घेणं ह्यांना कधी जमलंच नाही, दोन किडकी निघाली. मी काही बोलले नाही. उरलेल्या दोनांचे काप केले, आणि तव्यावरचा पहिला काप तिथेच उभ्याउभ्या तोंडात टाकला.