आमच्या सहलीचा हिशेब

येत्या मे महिन्यात आम्ही घरची सगळी माणसे इमॅजिका उद्यान बघायला जाणार आहोत. हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. ते २०१३ साली सुरू झाले. तिथे माणसांना उलटेपालटे करणारी नायट्रो नावाची गाडी आहे आणि डायनासोरच्या राज्यातून जाणारी होडीसुद्धा आहे. पण बालमित्रांनो, मी इथे लिहिते आहे ते जाण्याआधीच्या हिशेबाचे. आम्ही तो आठ दिवस करत होतो.

आईने दुधाच्या पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवले होते. तेवढ्यातच सगळे बसवायचे होते. आप्पा मला म्हणाले, "सहावीत आहेस, शेकडेवारी येते ना? मग काढ वही."

आम्ही सहा माणसे. आप्पा, आई, आजी, दादा, मी आणि चिमी. पहिल्यांदा एसटीचा हिशेब केला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले. म्हणजे आई अर्धी. आप्पा आणि दादा पूर्ण. चिमी चार वर्षांची, तिला तिकीट नाही. मी अकरा वर्षांची म्हणून अर्धी. मी कंडक्टरकाकांना विचारले, "मी लहान पण आहे आणि मुलगी पण आहे, मग अर्ध्याचे अर्धे होते का?" सगळी गाडी हसली. नाही होत.

राहिली आजी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट आहे. पण आजीच्या आधार कार्डावर जन्म १ जानेवारी १९५३ आहे. आमच्या आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या १ जानेवारीच्याच! आजी म्हणते, "कोयनेचा भूकंप झाला तवा तुझी थोरली आत्या माझ्या मांडीवर व्हती." भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला. कार्डाप्रमाणे आजी तेव्हा चौदा वर्षांची होते. पण कंडक्टर कार्ड बघतो, भूकंप बघत नाही. तेव्हा आजी अर्धी. सहा माणसांची साडेतीन तिकिटे झाली.

उद्यानाचा हिशेब मात्र निराळा निघाला. तिथे मुलांचे तिकीट वयावर नसते, उंचीवर असते. मी शाळेतला टेप आणून चिमीला दाराच्या चौकटीला उभी केले. तीन फूट दोन इंच भरली. म्हणजे एसटीत फुकट बसणारी चिमी तिथे तिकिटात आली. शिवाय मोठ्या गाड्यांत बसायलाही उंची लागते. तिकीट काढूनही ती बऱ्याच ठिकाणी खालीच उभी राहणार. ती रडली. दादाने तिला लहान मुलांच्या पाळण्यांची चित्रे मोबाईलवर दाखवली तेव्हा गप्प झाली.

सगळी बेरीज केली तर अडीच हजार कमी पडत होते. आजी लगेच म्हणाली, "माझं तिकीट नगं. मी घरी ऱ्हाते, म्हशी बघते. तेवढ्यात खताचं पोतं येतंय." आप्पा काही बोलले नाहीत. आजी आजवर पंढरपूरशिवाय कुठे गेलेली नाही. मी वहीत आजीचे नाव खोडले नाही. दुसरीकडे काय कमी होते ते बघायला लागले.

त्या रात्री दादाच्या मोबाईलवर निरोप आला, "सहा तिकिटे निम्म्या किमतीत, फक्त आज. हा कोड स्कॅन करा." दादा उड्या मारू लागला. आप्पांनी त्याला पंचायतीतल्या संगणकवाल्या काकांकडे नेले. ते म्हणाले, "घाई करायला लावतोय म्हणजे खोटं. तिकीट उद्यानाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच काढायचं. आणि पैसे येणार असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी फसलाच तर लगेच १९३० ला फोन करायचा." हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

मग त्याच काकांच्या संगणकावर आम्ही वार बदलून बघितले. रविवारचा भाव जास्त, मधल्या वारी कमी. आप्पांना शेतकऱ्याचा रविवार काय नि बुधवार काय! बुधवार ठरला. मधल्या वारी गर्दी कमी, म्हणून रांग टाळण्याचे जादा पैशाचे तिकीटही नको. पाण्याच्या उद्यानाचे तिकीट वेगळे असते, ते दादाने कुरकुरत सोडले. ज्येष्ठ माणसांना सवलतीचे तिकीट आहे असेही तिथेच कळले. आजीचा तेवढा भार हलका झाला. लॉजऐवजी पिंपरीला मामाकडे मुक्काम. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही असा नियम आहे, म्हणून भाकरी-चटणी फाटकाबाहेरच पोटभर खाऊन आत जायचे आणि आत एकदाच जेवायचे.

पुन्हा बेरीज केली. एकशे चाळीस रुपये उरले! म्हशींची धार चुलते काढणार आहेत.

तिकिटाचा कागद आजीच्या पिशवीत आधार कार्डाबरोबर आहे. ती आल्या-गेल्याला तो दाखवते आणि विचारते, "उलटी फिरणारी गाडी म्हंजी लुगड्यात बसू देत्यात का?" याचे उत्तर संगणकवाल्या काकांनाही देता आले नाही.