रोवळी

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांना आमचे फळ्यावरील अक्षर आठवत असेल. सातवाहनकाळाचा नकाशा आम्ही पुस्तक न उघडता काढीत असू. अलीकडच्या तुकड्यांनी मात्र ते अक्षर पाहिलेले नाही. सात वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, पळस्पे फाट्याजवळ आमची दुचाकी घसरली आणि मागून येणाऱ्या टेम्पोचे चाक उजव्या हातावरून गेले. हात राहिला, पण मनगटाजवळची नस तुटली. करंगळी आणि अनामिका आखडल्या, अंगठ्याची पकड गेली. खडू धरला की निसटे, आणि पहिल्या बाकावरचा एखादा मुलगा तो मुकाट्याने उचलून देई. शस्त्रक्रियेपेक्षा ते उचलून देणे आम्हाला अधिक दुखले.

उपचारांसाठी आम्ही मुंबईला जात होतो. तेथे व्यवसायोपचाराचा विभाग होता. अमेरिकेत जन्मलेल्या आणि विवाहानंतर येथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी या शाखेचे शिक्षण १९५० साली मुंबईत, के. ई. एम. रुग्णालयात सुरू केले. आम्ही इतिहासाचे एम. ए.; पण हे नाव उपचार करणाऱ्या बाईंच्या तोंडून प्रथम ऐकले. त्या बाईंनी आमच्याकडून महिनाभर मातीचे गोळे दाबून घेतले, कपड्यांचे चिमटे लावून आणि काढून घेतले. एके दिवशी म्हणाल्या, "सर, चिमट्यांना तुम्ही कंटाळलात. घरी बोटांना काही खरे काम द्या. विणकाम मिळाले तर उत्तम."

विणकाम म्हणताच आमच्या मनात जे आले ते उच्चारण्याजोगे नव्हते. आमचे मूळ गाव सावंतवाडीकडचे. तिकडे आमचे लोक बांबूची सुपे, रोवळ्या, टोपल्या करीत. विणलेले सूप अंगणाच्या कडेला ठेवायचे, पदरात वरून पडेल तेवढे भात घ्यायचे. किंमत आपण सांगायची नाही. नागपूरच्या १९५६ च्या दीक्षेनंतर आमच्या गावानेही धम्म स्वीकारला. त्या वर्षी आजोबांनी कोयती आढ्यात खोचली, ती पुन्हा उतरवली नाही. वडील मुंबईच्या गोदीत लागले, पुढे पनवेलला राहायला आले. आमच्या घरात सूपही पत्र्याचे असे. "शाळेत घातले ते टोपल्या विणायला नव्हे," हे वाक्य आम्ही पाढ्यांसारखे ऐकले आहे.

म्हणून सुरुवात चोरून झाली. बाजारातील एका बुरूडमामांकडून चिरलेल्या पट्ट्या आणल्या आणि गच्चीवर बसलो. डाव्या हाताने विणायचे, उजव्याने दाबून धरायचे. दोन पट्ट्या वर, दोन खाली. पुढच्या ओळीत एक घर सरकायचे. पट्टी वाळली की तडकते, म्हणून ओले फडके जवळ हवे. पहिले सात-आठ तळ वाकडे झाले, ते फेकले. बधिर बोटांत कुसळ गेले तरी कळत नसे. पट्टीवर रक्ताचा डाग दिसला म्हणजे कळे. तरीही संध्याकाळी पाचची वाट आम्ही पाहू लागलो. हाताला बरे वाटावे म्हणून बसतो, हे आम्ही घरात सांगत असू. ते फारसे खरे नव्हते. विणताना हात दुखतो याचाच विसर पडे.

पाली ग्रंथांत त्या काळी हीन मानलेल्या कुळांची यादी येते. चांडाळ, निषाद, रथकार, पुक्कुस यांच्याबरोबर तीत वेण आहेत, म्हणजे बांबूकाम करणारे. आणि जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात दानाची रक्कम वसकारांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. वसकार म्हणजे हेच बांबूवाले. ज्यांना समाज खालचे समजे त्यांच्याच हाती धर्मदानाची ठेव विश्वासाने दिली जाई. पंचवीस वर्षे हे आम्ही वर्गात शिकवले. वसकाराचा हात कसा चालत असेल, हा विचार मात्र एकदाही मनात आला नाही.

मग आम्ही करीत होतो ते मागे जाणे होते काय? 'जातिप्रथेचे निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे आणि तीत माणसाच्या आवडीला जागा नाही. आजोबांपुढे निवड एकच होती, कोयती ठेवून देण्याची. ती त्यांनी केली म्हणून आम्हाला हौस करता येते. बुरूडमामांपुढे हे बोलण्याचे धाडस आम्हाला अजून झालेले नाही. त्यांचे ते पोट आहे. प्लॅस्टिकच्या चाळणीपुढे त्यांची रोवळी खपत नाही, मुलगा रिक्षा चालवतो आणि त्याचा मामांना आनंदच आहे.

एके दिवशी आबा काठीचा आधार घेत गच्चीवर आले. आमच्या मांडीवर अर्धी रोवळी होती. ते बराच वेळ उभे राहिले. मग विचारले, "कोणाच्या दारात नेऊन ठेवायची आहे ही?"

"कोणाच्याच नाही, आबा. आपल्याच घरात तांदूळ धुवायला."

ते काही बोलले नाहीत. दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा वर आले, रोवळी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "घरात ठेवायची तर तळ असा सैल चालणार नाही." खाली बसून त्यांनी चार ओळी उसवल्या. पुन्हा विणून दिल्या नाहीत. उसवून ठेवल्या आणि खाली गेले.

खडू आम्हाला अजून धरता येत नाही. नकाशा आता नववीच्या मुली काढतात. आम्ही खुर्चीवर बसून सांगतो, आणि सोपारा दरवर्षी थोडे आणखी वर सरकते.