बोट लागते तेव्हा

‘बोट लागली’ असं आत्या म्हणाली की पुढचा शब्द येईपर्यंत थांबावं लागतं. धक्क्याला लागली की पोटाला, ते त्याशिवाय कळत नाही. मालवणात तर मुंबईची आगबोट धक्क्याला कधी लागतच नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी असं सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं. पडाव लाटेवर वर आला की शिडीवर उडी, खाली गेला की थांबायचं. आत्या आठ वर्षांची असताना, 1952 साली, पहिल्यांदा अशी मुंबईला गेली. किनाऱ्यापासून पडावापर्यंत तिला एका खलाशाने खांद्यावर बसवून नेलं होतं. पुढे देवगड, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी, जयगड, दाभोळ, हर्णै. यांतलं एकही बंदर तिने पाहिलं नाही. डेकवर अंथरलेल्या सतरंजीवर ती डोळे मिटून पडून होती, कारण देवगडच्या आधीच बोट लागली होती. पोटाला.

ही आत्या आमच्याबरोबर तारकर्लीला यायला तयार झाली तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. आम्ही सतरा माणसं. आमच्या घराण्यात सहल ठरवायचं काम माझ्याकडे कधी आलं ते आठवत नाही, पण सोडायचं म्हटलं तरी आता कोणी सोडू देत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर गट निघाला, त्याचं नाव तीनदा बदललं, आणि पहिले आठ दिवस एकमेकांना समुद्राचे फोटो पाठवण्यात गेले. मग कोणीतरी क्रूझचा विषय काढला. 2018 साली मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली होती, तेव्हाही आमच्याकडे हीच टूम निघाली होती. कान्होजी आंग्र्यांचं नाव, आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेल्या प्रवाळबेटाचंही तेच नाव, म्हणून मला तिचं अप्रूप. तिच्यावर पोहायचा तलाव आहे असं मी आत्याला सांगितलं होतं. ती म्हणाली, “बोटीवर तलाव? मग खाली काय आसा?” आमचं ठरेठरेपर्यंत ती बोट बंदही झाली.

तर क्रूझ नाही, होडी. मी तक्ता केला. शनिवारी सकाळी अकराला सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी जेवण, चारला देवबागची खाडी आणि त्सुनामी बेट, सहाला सूर्यास्त. प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. तो फोनवर आत्याला वाचून दाखवला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “शनवारी तिथ कोणती गो?”

मी सुट्ट्यांचं कॅलेंडर पाहिलं होतं, पंचांग नव्हतं. शनिवारी पौषातली पौर्णिमा होती.

पुढे तिने जे सांगितलं ते कोकणात एके काळी पोराटोरांना पाठ असे. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. रोज पाऊण तासाने सगळं पुढे सरकतं, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा उगवतो. पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका ओळीत ओढतात, म्हणून उधाण, पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. मिनिटाचा हिशेब हवा असेल तर भरती-ओहोटीची छापील कोष्टकं मिळतात, फोनवरही दिसतात. मी ती लावून पाहिली. पंचवीस-तीस मिनिटांचा फरक निघाला. तोंडी हिशेबाला तेवढी सूट द्यायला माझी हरकत नाही.

या एका प्रश्नाने माझे रंगीत रकाने उलटेपालटे झाले. संध्याकाळी साडेपाचला सुकती, तीही उधाणाची, म्हणजे खाडीचं बेट चांगलं उघडं पडणार. ते माझ्या नशिबाने बरोबर बसलं होतं. पण परतायचं ते बेट बुडायच्या भीतीने नव्हे, तर खाडीतलं पाणी होडीला पुरेल तोवर. “साडेचारला निघायचा,” आत्या म्हणाली. मी लिहून ठेवलं. डॉल्फिन आणि मास्क लावून तळ बघायचं ते सकाळी आठला घेतलं. सकाळी जमिनीवरून मतलई वारा असतो, पाणी मऊ असतं. दुपारनंतर खारा वारा उठला की लाटांना टोकं येतात आणि ज्यांना बोट लागायची त्यांना लागते. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकले होते, पण त्यांचा कोणाच्या पोटाशी संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिथीने सुटली नाही. पौर्णिमा आणि वर शनिवार. सतरापैकी नऊ जण त्या दिवशी मासे खात नाहीत हे मला तारकर्लीला पोचल्यावर कळलं. मुक्कामाच्या घरच्या काकूंनी सुरमई आणून ठेवली होती. त्यांनी कपाळाला हात लावला आणि नऊ जणांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ टाकली. उरलेल्या आठांना सतरांची सुरमई. त्या आठांनी सहलीबद्दल आजवर एकही तक्रार केलेली नाही.

सकाळची होडी छान झाली असं सगळे म्हणतात. मला थोडी लाज वाटली. डॉल्फिन दिसले, राखाडी पाठीचे, तीन की चार. ते दिसताच आसपासच्या पाच-सहा होड्या मशीनचा आवाज करत त्यांच्याभोवती धावल्या, त्यांत आमचीही होती. सतरा माणसांनी पैसे दिले की तांडेलाला डॉल्फिन दाखवावेच लागतात. दुसऱ्यांदा त्याने सुकाणू वळवलं तेव्हा आत्याच म्हणाली, “पुरे झाला. बघितले.” मग मशीन बंद करून आम्ही तिथेच डुलत राहिलो आणि मुलांची कुरकूर सुरू झाली. ते प्राणी नंतर आपणहून आमच्या जवळ आले वगैरे असं काही झालं नाही. ते गेले.

किल्ल्यावर भरती होती. सिंधुदुर्गाकडे होडी सरळ जात नाही, खडक चुकवत वाकडीतिकडी जाते. भरतीत ते खडक दिसत नाहीत, फक्त पाण्याच्या पोतात ठिकठिकाणी सुरकुत्या दिसतात. 1664 साली कुरटे बेटावर पायाभरणी झाली तेव्हा ही जागा निवडणाऱ्यांनी हे बुडालेले खडकही तटबंदीत धरले असणार. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये त्या. आत्या साखरबावेच्या कठड्याला टेकून बसली आणि पोरांना म्हणाली की तिची आई बोट निघायच्या आधी समुद्राला नारळ द्यायची आणि ‘रामदास’चं नाव घ्यायला सगळ्यांना बंदी करायची. 17 जुलै 1947ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेवर माणसं गेली होती. आत्या निघाली तेव्हा त्याला पाचच वर्षं झाली होती. समुद्र बघायला म्हणून किनाऱ्यावर जायचं ही कल्पना त्या घरात नव्हती. समुद्र हा रस्ता होता, आणि जून लागला की तो बंद व्हायचा. आगबोटीही ऐंशीच्या दशकात थांबल्या. त्यानंतर आत्या मुंबई-मालवण एसटीने आणि पुढे कोकण रेल्वेने आली-गेली. होडीत ती आज पुन्हा बसत होती.

दुपारी चारला देवबाग. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे नारळीची एक चिंचोळी पट्टी. होडी नदीतून कांदळवनाच्या कडेने संगमापर्यंत जाते. तिथे सुकतीला वाळूचं बेट वर येतं. 2004च्या त्सुनामीनंतर ते आलं असं लोक सांगतात, नावही तेच पडलं. आम्ही पोचलो तेव्हा घोट्याएवढं पाणी होतं, थोड्या वेळात तेही उतरलं. मुलं सुटली ती सुटलीच. साडेचारला तांडेलाने हाक मारली. पावणेपाचला पुन्हा मारली. मी वहीत लिहून ठेवलेला आत्याचा साडेचारचा आकडा वाचला आणि वही मिटली, कारण माझा स्वतःचा मुलगा सगळ्यात लांब होता.

पाच वाजता निघालो. शंभरेक हात गेलो असू. खालून एक लांब खरखर आली, होडी पुढे झुकली आणि थांबली. तांडेलाने मशीन वर उचललं. त्याचा पोऱ्या पाण्यात उतरला, पाणी त्याच्या गुडघ्याखाली होतं.

“लागली,” आत्या म्हणाली. हा तिसरा अर्थ माझ्या लक्षातच आला नव्हता.

पुरुषांनी उतरून ढकललं. होडी हलली नाही. तांडेल म्हणाला, जाडी माणसं मागे या. कोण जाडं यावर दोन मिनिटं गेली आणि सहा जण मागे आले. त्यांत माझा एक काका आणि एक चुलतभाऊ होता. मालवणचं घर विकलं तेव्हापासून हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मी राहण्याच्या खोल्या त्यांना दोन टोकांना दिल्या होत्या, जेवणाच्या पंगती वेगळ्या ठेवल्या होत्या, गाड्याही वेगळ्या. ते आता एका फळीवर, मांडीला मांडी लावून बसले. होडी तरीही हलली नाही.

“घाबरता कित्याक?” तांडेल बिडी पेटवत म्हणाला. “भरती इली काय होडी आपणच उठतली.”

तक्त्यात संध्याकाळी ‘कौटुंबिक खेळ’ असा रकाना होता. कोणी खेळ काढला नाही. फोनला रेंज नव्हती. सूर्य संगमापलीकडे समुद्रावर कलत होता, तो पाहून झाला. मग काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळे पाण्याकडे बघत बसले. पाणी जात होतं. मग बराच वेळ ते कुठेच जात नव्हतं. एक सुकलेलं सुरंगीचं पान होडीच्या कडेला आलं आणि तिथेच थांबलं. आत्याने पिशवीतून खाजं काढलं, ते गुळात घोळलेलं, आलं घातलेलं, मालवणच्या जत्रेतलं. पुडी सतरा हातांतून फिरली. काकाने एक कांडी घेतली आणि पुडी शेजारी सरकवली. चुलतभावाने घेतली आणि पुढे सरकवली. बोलले नाहीत.

नदीच्या वरच्या अंगाला माडांमागून चंद्र आला, तांबूस, जरा बसका. मुलांनी तो उगवताना कधी पाहिलाच नव्हता. माझ्या मुलाने विचारलं, हा रोज इथूनच येतो का? आत्या त्याला पंधरा पाऊण सव्वाअकरा समजावू लागली. त्याला पाढाच येत नव्हता, पाऊणकीचा तर नाहीच. तिने बोटांवर घेतलं. पौर्णिमेचं झालं, प्रतिपदेचं झालं, द्वितीयेला दीड वाजता असं त्याने स्वतः सांगितलं, आणि तेवढ्यात सुरंगीचं पान सरकलं. समुद्राकडे नाही, नदीकडे.

पुढचा अर्धा तास सगळे त्या पानाकडे आणि नंतर पोऱ्याच्या पायांकडे बघत होते. नडगी, गुडघा. साडेसहाच्या सुमाराला होडीने खाली एकदा टक्कर दिली, मग हलकीच, मग ती नुसती डुलली. कोणी ढकललं नव्हतं. कोणी ओरडलंही नाही.

धक्क्याकडे जाईपर्यंत अंधार पडला होता. तिथे दुसऱ्या होड्या लागल्या होत्या, आम्हाला थोडं अलीकडेच उतरावं लागणार होतं. पोऱ्या पाण्यात उभा राहिला आणि पाठ वाकवून आत्याला म्हणाला, “आजी, खांद्यार बसा, पोचवतंय.”

“बोट लागली,” आत्या म्हणाली.

आम्ही सगळे पुढच्या शब्दासाठी थांबलो. तो आला नाही. तिने एका हाताने निऱ्या वर धरल्या, दुसऱ्याने त्या पोराचा वाकलेला खांदा बाजूला केला आणि पाण्यात पाय टाकला.