बाकाला पाडलेली खाच

रविवार, 8 डिसेंबर
मेगाब्लॉकच्या आत सुटायचं म्हणून कळव्याहून सकाळचीच धीमी लोकल पकडली. सोबत खारेगावातले शेजारी. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवतात. रंगीत काच जोडतात कशी, हे त्यांना पाहायचं होतं. सीएसएमटीहून बसने कुलाब्याचं अफगाण चर्च. कागदोपत्री नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांचं हे स्मारक 1858 साली उपासनेला खुलं झालं.

बाहेरून खिडक्या काळपट, जळमट धरल्यासारख्या. आत गेलो तर पूर्वेकडून ऊन शिरलेलं. शेजारी टोपी हातात घेऊन बराच वेळ वर बघत राहिले, मग म्हणाले, “रंग उडत नाही का हो?” उडायला तो वरून लावलेलाच नाही. काच वितळत असतानाच तीत धातू मिसळतात. कोबाल्टने निळी, तांब्याने किंवा सोन्याने लाल. चेहरे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या गडद रंगाने काढून भट्टीत भाजतात. तुकडे बसतात शिशाच्या खोबणीदार पट्ट्यांत. “म्हणजे आमचं बीडिंगच. पण शिसं मऊ, वाऱ्याने पोट काढणार.” बरोबर ओळखलं. म्हणूनच अशा खिडक्यांना मागून आडव्या सळ्या देऊन तारेने बांधतात. तरी शंभर-दीडशे पावसाळ्यांत शिसं थकतंच आणि सगळी खिडकी उतरवून पुन्हा जोडायला लागते.

पूर्व-पश्चिमेच्या मोठ्या खिडक्या न्यूकॅसलच्या विल्यम वेल्सच्या. सुंदर आहेत, वाद नाही. पण मी अडकलो खाली, लाकडी बाकांपाशी. बाकांना खाचा आहेत, बंदुका उभ्या करून ठेवायला. 1857 नंतर गोरे शिपाई प्रार्थनेलाही बंदुकीशिवाय येत नसत. काचेतल्या संतांनी सांगितलं नसतं ते सुताराच्या पटाशीने सांगून टाकलं.

मंगळवार, 10 डिसेंबर
चर्चचा आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. मुंबईला विहार तलावाचं पाणी आणायची योजनाही त्याचीच! नळ आणि कमानी एकाच डोक्यातून. आतल्या सजावटीची बरीच रेखाटनं विल्यम बटरफिल्डची, फरशा इंग्लंडहून आलेल्या. भिंतींचा दगड मात्र इथलाच. मनोरा 198 फूट, पुरा व्हायला 1865 उजाडलं. जहाजांना तो समुद्रातून दिसायला हवा, अशी सरकारची अट होती. त्याला पैसे कमी पडले तेव्हा पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांनी हातभार लावला.

गुरुवार, 12 डिसेंबर
वेदीजवळचा स्मृतिलेख डोक्यातून जात नाही. अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर कोरली आहेत. हवालदार-शिपाई इतके मेले की त्यांची नावं लिहिणं शक्य नाही, असा त्याचा मथितार्थ. मला हे पटत नाही. पगारपत्रकावर प्रत्येकाचं नाव होतं की!

त्याच युद्धात, 1840 मध्ये, बलुचिस्तानातल्या काहानच्या किल्ल्याला वेढा पडला, तेव्हा आत होती पाचवी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री. महिनोन्महिने ती तग धरून राहिली. तीच आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन, ‘काली पांचवीं’. ‘काहान’ हा रणसन्मान तिच्याकडे अजून आहे. म्हणजे पलटणीने नाव राखलं, माणसांचं नाही. इंग्लंडहून काच मागवायला पैसे होते. अक्षरं कोरायला पाथरवट काही महाग पडला नसता.

शनिवार, 14 डिसेंबर
बाजाराच्या निमित्ताने ठाण्याला गेलो, तलावपाळीवर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चपाशी थांबलो. हे पोर्तुगीजांच्या काळातलं. त्या लोकांचं रंगीत काचेवाचून अडत नसे. गोव्यात तर खिडक्यांना शिंपल्यांची तावदानं, दुधी उजेडाची. चर्चचं सामान फिरतंही फार. 1739 ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि तिथल्या घंटा देवळांत गेल्या. मेणवलीला घाटावर, नाशिकला नारोशंकराच्या देवळात. कुलाब्याच्या मनोऱ्यातल्या आठ घंटा 1904 च्या, इंग्लंडमधल्या टेलरच्या ओतशाळेतल्या.

रात्री शेजारी आले. शिशाची पट्टी कुठे मिळेल, म्हणून विचारत होते. घरच्या झरोक्यात चार रंगीत तुकडे बसवून बघायचेत. मी म्हटलं, गिऱ्हाईकांनाही सुचवा. ते हसले. “कळव्यात? साहेब, लोक काळी फिल्म मागतात. समोरची बिल्डिंग दिसू नये म्हणून.”