आगोट

मे महिना सरत आला की आई महाडच्या बाजाराला निघायची, आगोट भरायला. आगोट म्हणजे पावसाच्या चार महिन्यांची बेगमी. आमची वाडी पोलादपूर तालुक्यात, ढवळी नदीच्या खोऱ्यात, चंद्रगडाच्या बाजूला. १९७० च्या आगेमागे तिथं ना वीज होती ना धड रस्ता. एकदा नदी भरली की पलीकडं जाणं आपल्या हातात राहत नसे. लागेल ते सगळं मृगाच्या आधी घरात हवं.

मीठ सगळ्यांत आधी. खडेमिठाची टोपली चुलीच्या वर टांगलेली असे आणि तिच्याखाली वाडगं. दमट हवेनं मीठ सुटायचं, वाडग्यात पाणी गळायचं, तेच पाणी आमटीत. मग रॉकेलचा डबा, सुकट, बोंबील, गूळ, काड्यापेट्या. कुळीथ, नाचणी, वरी घरचीच. फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवायच्या, त्या थेट गौरी-गणपतीपर्यंत पुरत. लाकडं आणि शेणी पडवीत छपरापर्यंत रचलेल्या, आणि त्यांच्या आडून आम्ही पोरं लपाछपी खेळायचो.

काड्या असल्या तरी आई त्या सहसा ओढत नसे. रात्री निजताना जाड ओंडक्याचं जळकं टोक राखेखाली गाडायची. सकाळी राख सारली की आत लाल निखारा. कधी विझलाच तर मला खापर घेऊन शेजारच्या काकीकडं पाठवायची. डोक्यावर इरलं, हातात खापर, त्यात दोन निखारे आणि वरून राख. पावसातून तो विस्तव घरापर्यंत जिवंत आणला की आई काही बोलायची नाही, पण भाकरीचा पहिला पापुद्रा मला मिळायचा.

पहाटे जात्याच्या आवाजानं जाग येई. पावसाळ्यात दाणा सर्द होतो, नीट दळला जात नाही. म्हणून आदल्या रात्रीच नाचणी चुलीच्या उबेला ठेवलेली असे. दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची. चिमणी एकच, आणि तिचा मान अभ्यासाला बसलेल्या पोराचा. माझ्या पाचवी-सहावीच्या वह्यांना काजळीचा वास होता.

वडील मुंबईत गिरणीत. त्यांची मनीऑर्डर आणि पोस्टकार्ड महिन्यातून एकदा, पावसात त्याहून उशिरा. पत्र आलं नाही म्हणून कुणी घाबरत नसे. घाबरायचं ते तारेला. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मनीऑर्डरी थांबल्या आणि त्या वर्षीची आगोट निम्म्यावर आली. पुढं थोरला भाऊ शेतीत राहिला, मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो.

हे सगळं आठवताना गोड वाटतं, पण एक श्रावण मी विसरू शकत नाही. चुलतीला कळा लागल्या होत्या. डोली तयार होती, खांदा द्यायला चौघं उभे होते, आणि नदी उतरत नव्हती. दीड दिवस माणसं काठावर बसून पाणी बघत होती. चुलती वाचली, मूल गेलं. वाडीत पहिल्यांदा वीज आली, नंतर रस्ता आला, तेव्हा तीच चुलती रस्त्यावर उभी राहून बराच वेळ दोन्ही बाजूंना बघत राहिली होती.

२०२१ च्या जुलैमध्ये आम्ही महाडला होतो. आई ऐंशीच्या पुढं, आमच्याकडंच. महाबळेश्वरला एका चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि ते पाणी सावित्रीनं खाली आणलं. २२ जुलैला बाजारपेठ पाण्याखाली होती. तळमजला बुडाला, आम्ही वर. वीज गेली, मग नळ, मग फोन. कपाटात दोन मेणबत्त्या, डब्यात दोन वेळचे तांदूळ. सिलिंडर खालच्या पाण्यात तरंगत भिंतीवर आपटायचा, रात्रभर तो आवाज.

आईनं विचारलं, “आगोट कुठाय?”

मला उत्तर देता आलं नाही. दुकान घरासमोर आहे म्हणून कुणी आगोट भरत नव्हतं, आणि ते दुकानच बुडालं होतं. आईनं गच्चीवर धुतलेलं लुगडं चार टोकांना बांधायला लावलं, मधोमध धुतलेला दगड ठेवला, खाली हंडा. पावसाचं पाणी गाळून हंड्यात उतरू लागलं. पुढचे दिवस आम्ही तेच प्यायलो, आणि शेजारच्या दोन घरांनीही.

खरा जाच पाण्याचा नव्हता. तळिये गावावर दरड आल्याचं, पोलादपूरकडं केवनाळे, साखर सुतारवाडी इथंही डोंगर खचल्याचं कुणाकुणाच्या तोंडून कळत होतं. तळियेत ८० हून जास्त माणसं गेली, हे पुढं समजलं. भाऊ त्याच डोंगरात. लहानपणी महिनाभर पत्र नसलं तरी आम्हाला झोप लागायची. आता दोन दिवस फोन लागला नाही तर मी बंद पडलेला मोबाइल उशाशी घेऊन बसलो होतो. पत्र उशिरा येणार हे तेव्हा ठाऊक असायचं. फोन उशिरा येतो, हे आमच्यात कुणाला ठाऊकच नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी खालून हाक आली. गुडघ्याएवढ्या चिखलात भाऊ उभा. पोलादपुरापासून हायवेनं चालत आलेला, वाटेत कुठं कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून. डोक्यावर प्लास्टिकात गुंडाळलेलं गाठोडं.

वर आल्यावर तो आधी आईच्या पायाशी बसला. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि मग गाठ सोडू लागली. तांदूळ, नाचणीचं पीठ, सुकट, मिठाची पुडी, आणि तळाशी, दुहेरी पिशवीत बांधलेल्या चार काड्यापेट्या.

“तू भरली होतीस?” आईनं विचारलं.

“दरसाल भरतो,” तो म्हणाला.