मोरबीची फरशी

वांकानेर मागे पडले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुराडी आणि खोक्यांच्या थप्प्या दिसू लागतात. मच्छू नदीकाठचे हे मोरबी. ११ ऑगस्ट १९७९ रोजी धरण फुटून हे शहर उद्ध्वस्त झाले होते. ते पुन्हा उभे राहिले, आणि आज देशातील बहुतेक सिरॅमिक टाइल्स याच परिसरात तयार होतात.

मी तेथे गेलो त्याला कारण घडले होते. स्वस्त पडली म्हणून भिंतीची गुळगुळीत टाइल मी घरच्या मोरीत खाली बसवली. पहिल्याच पावसाळ्यात आई घसरली आणि मांडीचे हाड मोडले. बियाणे पारखून घ्या, असे गावोगाव सांगणाऱ्या मी फरशी मात्र रंग पाहून घेतली होती!

कारखान्यात माती आणि फेल्डस्पार पाण्यात दळतात, ती राब वाळवून भुकटी करतात, यंत्राखाली दाबतात, वर चकाकीचा लेप देतात आणि सुमारे १२०० अंश उष्णतेत भाजतात. भट्टीजवळच्या मुकादमाने टाइल बोटांवर तोलून टिचकी मारली. खणखणीत आवाज आला. "मडकं वाजवून घेता ना? ही पण तशीच घ्या," तो म्हणाला. बद्द वाजली तर तडा असण्याचा संभव.

मग त्याने दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरल्या. मधून उजेड दिसला तर टाइल वाकलेली. दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. ते सारखे नसले, तर गवंड्याच्या सांध्या जुळत नाहीत. पाठीवर थोडे पाणी टाकावे. भिंतीची टाइल ते पिते. तो तिचा दोष नव्हे, पण तिची जागा भिंतीवरच. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. मात्र तीही गुळगुळीत असेल तर मोरीत नको. तेथे खरखरीतच हवी. ओला हात फिरवून पाहावा.

बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर पाहतो, तसा खोक्यावरचा बॅच आणि छटेचा नंबर पाहावा. सगळे खोके एकाच नंबरचे घ्यावेत आणि शेकडा पाच-दहा टाइल्स जादा घ्याव्यात. तीच छटा पुन्हा मिळेलच असे नाही.

या परीक्षेसाठी मोरबीला जाण्याची गरज नाही. तालुक्याच्या दुकानातही ती करता येते.

आमच्या मोरीत आता खरखरीत टाइल आहे. आई काठी टेकत जाते, पण पाय रोवून उभी राहते.