आतापासून पुढे

गल्लीतल्या क्रिकेटचे नियम रोज बदलायचे. समोरच्या गच्चीत चेंडू गेला की बाद, की नुसताच डेड बॉल, यावर भांडण जुंपायचं. मग एखादी थोरली ताई निकाल द्यायची, "आतापासून बाद!" आधीच्या धावा कुणी काढून घ्यायचं नाही. खेळ पुढे चालू.

कॉलेजात नॉमिक हा खेळ भेटला. अमेरिकन तत्त्वज्ञ पीटर सबर यांनी तो 1982च्या सुमारास रचला. यात खेळाडूची चाल म्हणजे नियमबदलाचा प्रस्ताव. आरंभी 29 नियम. त्यांतले 16 बदलायला अवघड, 13 सोपे. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रस्तावाला सर्वांचा होकार लागतो, पुढे साधं बहुमत पुरतं. 107वा नियम मला सर्वांत आवडतो: कुठलाही बदल मागच्या तारखेपासून लागू होणार नाही.

हॉस्टेलवरच्या एका डावात उशिरा ध्यानात आलं, की सर्वांचा होकार हवा असताना एक प्रस्ताव बहुमतावरच मंजूर धरला गेला होता. एका मैत्रिणीचा नकार मोजलाच नव्हता. तोवर त्या नियमाच्या आधारानं आणखी नियम झाले होते, गुण वाटले गेले होते. काहींना सारा डाव मागे न्यायचा होता, काहींना विषयच नको होता. तोडगा त्या मैत्रिणीनंच सुचवला: आजचे नियम आणि गुण इथून पुढे ग्राह्य धरू, घडलेली चूक वहीत लिहू, आणि हा ठराव एकमतानं करू. एकमत अशासाठी, की तो वादग्रस्त नियम वैध माना वा अवैध, ठराव दोन्ही परींनी टिकावा.

पुढे कायद्याच्या अभ्यासात 1967चा गोलकनाथ खटला वाचला. संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 5 मतांनी ठरवलं. पण आधीच्या घटनादुरुस्त्या कायम ठेवल्या. त्यांच्या भरवशावर देशभर जमीनसुधारणा झाल्या होत्या. ते सारं उलटवणं म्हणजे अनागोंदी. 1973मध्ये केशवानंद भारती खटल्यात ही भूमिकाही बदलली: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

आता सोसायटीच्या सभेत गणपूर्तीविना झालेला एखादा जुना ठराव निघतो, तेव्हा मी दोन गोष्टींचा आग्रह धरते. त्या ठरावावर विसंबून ज्यांनी प्रामाणिकपणे व्यवहार केले, त्यांना उघड्यावर टाकायचं नाही. आणि ज्यांचं म्हणणं तेव्हा डावललं गेलं, त्यांची नोंद इतिवृत्तात झाल्याशिवाय पुढच्या विषयाकडे जायचं नाही. पहिली गोष्ट सोडली तर कुणी कुठल्याच नियमावर विश्वास ठेवणार नाही. दुसरी सोडली तर तो ठेवावा असं सांगण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.